आईच्या गळ्यातलं आयोडीन

मोठ्या बाबांच्या तेराव्याला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मांडवात भाषणं केली. सरांसारखा विज्ञानाचा मास्तर तालुक्यात झाला नाही, सरांनी अणू असा शिकवला की आजही डोळ्यांपुढे फिरतो, वगैरे वगैरे. मी पंगतीत बसले होते. बुंदी चांगली होती, दोनदा घेतली. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "ताई, तुमी तं घरच्या. तुमीबी बोला दोन शब्द." मी म्हटलं, माझ्याकडे आहेत दोन शब्द, पण ते मांडवात बोलण्यासारखे नाहीत. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं गाव राळेगावपासून एसटीनं अर्ध्या तासावर, आणि गावातल्या एकुलत्या एका हायस्कुलात नववी-दहावीचं विज्ञान त्यांच्याकडे. शेती माझे बाबा करायचे आणि घर मोठे बाबा चालवायचे. राबणारा एक आणि सांगणारा एक, अशी सोयीची वाटणी होती. शिकवायचे मात्र चांगले. हे मला कबूल करावं लागतं आणि करताना राग येतो. नालायक मास्तर असते तर त्यांचा इतका संताप आला नसता. मी आज कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि अणूची पहिली ओळख मला त्यांनीच करून दिली.

अणुअंक शिकवताना त्यांनी वर्गातल्या एका जाड्या मुलाला उभं केलं होतं. "याचं आडनाव काय?" मुलांनी सांगितलं. "हा उपाशी राहून वाळला तं याचं आडनाव बदलन काय? अन् अजून फुगला तं?" वर्ग खो खो हसला. "नाही ना? मंग प्रोटॉन म्हनजे आडनाव. अणुकेंद्रकात प्रोटॉन किती, तो अणुअंक. तो बदलला का मूलद्रव्यच बदललं. न्यूट्रॉन म्हनजे अंगावरचं वजन. प्रोटॉन अन् न्यूट्रॉन मिळून अणुवस्तुमानांक. आडनाव तेच अन् वजन वेगळं, असे जे भाऊ-भाऊ, ते समस्थानिक. आवर्तसारणीत एकाच घरात राहतेत." त्या मुलाला पुढे वर्षभर सगळे समस्थानिक म्हणून चिडवत होते. मोठ्या बाबांना त्याचं काही नव्हतं. उदाहरण जमलं होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

मी अकरावीला राळेगावच्या कॉलेजात सायन्सला गेले, त्या पावसाळ्यात आईच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. नागपूरला ऑपरेशन झालं, ग्रंथी काढली. डॉक्टर म्हणाले, आत काही उरलंसुरलं असेल ते जाळायला आयोडीनची गोळी द्यावी लागेल. मिठातलं साधं आयोडीन नव्हे, किरणोत्सारी. दिवाळीच्या तोंडावर ती गोळी दिली, तिला दवाखान्यातच एका बंद खोलीत ठेवलं, आणि मग सोडलं. सोडताना सांगितलं की पंधरा दिवस लहान मुलांपासून लांब राहायचं, वेगळं झोपायचं, ताट-वाटी वेगळी ठेवायची. पंधरा दिवस. बाबांनी ऐकलं, मी ऐकलं, घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. माझी धाकटी बहीण तेव्हा तीन वर्षांची होती. उशिरा झालेली, आईच्या पदराला धरूनच वाढलेली. त्यामुळे हे पंधरा दिवस कसे काढायचे, याचीच सगळ्यांना काळजी.

मोठे बाबा म्हणाले, घरात न्हाणी एक, लेकरू लहान, ते कुठं ऐकणार. त्यापेक्षा वावरातल्या खोलीत राहू द्या. वावरात विहिरीजवळ टिनाची एक खोली होती. तिच्यात मोटारीचं सामान आणि खताची पोती असत. कल्पना शहाणपणाची वाटली, आणि पंधरा दिवसांपुरती ती होतीही. आई लगेच हो म्हणाली. "लेकराले काही व्हायले नको," म्हणाली.

पण हे ती बाबांना म्हणाली, मोठ्या बाबांना नाही. आमच्याकडे बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. त्याच्यासमोर पदर कपाळाखाली ओढायचा, तो येताना दिसला की आत व्हायचं, काही सांगायचं असलं तर तिसऱ्याच्या तोंडून. आईच्या लग्नाला सतरा-अठरा वर्षं झाली होती आणि एका छपराखाली राहून त्या दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती. मोठ्या बाबांना चहा लागला की ते हवेत विचारायचे, "कोनी चहा देते काय?" आणि आई दाराआडून कप सरकवायची. याला मर्यादा म्हणतात. ती दोन्ही बाजूंनी पाळायची असते, असं सांगतात. प्रत्यक्षात एकानं बोलायचं नसतं आणि दुसऱ्याला बोलायची गरज पडत नसते, कारण त्याचं म्हणणं आधीच सगळ्यांना ऐकू गेलेलं असतं.

कापसाची ती वर्षं कशी होती हे मी सांगायला नको. टीव्हीवाले आत्महत्यांच्या बातम्यांसाठी गाड्या घेऊन आमच्या जिल्ह्यात फिरायचे, गावात शिरल्या शिरल्या "इथं कुणाच्या घरी झालं का?" असं विचारायचे, आणि नाही म्हटलं की हिरमुसून पुढच्या गावाला जायचे. आमच्या घरी दाखवण्यासारखं काही नव्हतं. मोठ्या बाबांचा पगार होता, म्हणून आम्हाला कापूस अडवून ठेवणं परवडत होतं. भाव पडलेले, ज्याला जमेल त्यानं चढतील या आशेवर कापूस घरातच भरला. आमची पहिली वेचणी ओसरीत मावली. दुसरी आली तेव्हा जागा उरली नव्हती. मग आई-बाबांची खोली उघडली. आईची खाट उभी करून अंगणात नेली, पेटी मोठ्या आईच्या, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोच्या, खोलीत सरकवली आणि ती खोली कापसानं भरायला घेतली. घरात कापूस आला की आगीच्या भीतीनं चूल अंगणात जाते, बिडीवाल्याला ओसरीवर चढू देत नाहीत, आणि सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते. आईचे पंधरा दिवस भरले त्या दिवशी त्या खोलीत खाट टाकायला जागा उरली नव्हती.

बाबांनी भीत भीत विचारलं, "आनू काय तिले घरी?"

"थांब अजून," मोठे बाबा म्हणाले. "आयोडीन एकशे एकतीस हाये ते. त्याचा अर्धायुकाल आठ दिवसांचा. आठ दिवसांत निम्मं, अजून आठ दिवसांत निम्म्याचं निम्मं. म्हनजे अजून पाव हिस्सा बाकी हाये. घरात लेकरू हाये ना, बावा."

बाबा दहावी नापास. त्यांनी मान हलवली. माझ्या वडिलांनी आयुष्यभर मानच हलवली, आणि लोक त्यांना साधा माणूस म्हणत. मी अजूनही तो शब्द त्यांच्यासाठी वापरत नाही.

आई वावरात नुसती बसून नव्हती. आठवडाभरात अंगात जरा त्राण आलं तशी ती वेचायला लागली. रोजंदारीच्या बाया तिच्या बाजूच्या ओळीत यायला तयार होईनात, म्हणून ती धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या टोकाला एकटी वेचायची. शिवाय वावराकडे लक्ष राहायचं, चोरी-चपाटी नाही, रानडुकरं आली तर हाकलायला माणूस. रात्री बाबा जागलीला मचाणावर असायचे, म्हणजे ती काही एकटी नाही, असं घरातले एकमेकांना सांगायचे. तिनं बांधलेली गाठोडी संध्याकाळी बैलगाडीनं घरी येत आणि तिच्याच खोलीत, तिची खाट जिथं होती तिथं, रिकामी होत. तिनं वेचलेला कापूस घरात येत होता. ती येत नव्हती.

हे मी मोठ्या बाबांना तोंडावर विचारलं. ओसरीवर खुर्ची टाकून ते पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, "मोठे बाबा, आईनं हात लावलेला कापूस चालते, मंग आई काहून नाही चालत?"

त्यांनी पेपर खाली केला. मला वाटलं, आता चिडतील. ते हसले. "कापसाले थायरॉइड नसते, बाई," म्हणाले, आणि पुन्हा वाचायला लागले. संध्याकाळी पारावर त्यांनी हे चार लोकांना सांगितलं. पोरगी हुशार आहे, पण अर्धवट शिकलेली आहे, असंही सांगितलं.

कॉलेजातून येताना मी गावाच्या आधीच्या फाट्यावर उतरायचे आणि वावरावरून घरी जायचे. आई मला धुऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. "तिथूनच बोल," म्हणायची. मी बाभळीखाली उभी आणि ती पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांत, मध्ये पाच-सहा ओळी, असं आम्ही बोलायचो. ती बोलायची फक्त धाकटीबद्दल. कोण न्हाऊ घालते, केसांत कोंडा झाला काय, मोठ्या आईजवळ झोपते तं रात्री उठते काय. धाकटीला वावराकडे आणायचं नाही, असा मोठ्या बाबांचा नियम होता. पहिले काही दिवस ती रडून घर डोक्यावर घ्यायची. मग रडायची थांबली. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. ती खाली बसली आणि बराच वेळ पऱ्हाटीतून वर आली नाही.

एकदा तिनं विचारलं, "मले नीट सांग बरं, माह्यात हाये काय ते? सगळे म्हनते किरनं हायेत, अणुबॉम्बमधी असते तसं हाये. तू शिकून राह्यली ना?"

मी शिकत होते. पुस्तकातलं सगळं मला पाठ होतं, आणि पहिल्यांदाच ते कुणाला तरी खरोखर हवं होतं. मी सांगितलं की आयोडीनचा अणुअंक त्रेपन्न. त्रेपन्न प्रोटॉन असले की ते आयोडीनच, दुसरं काही नाही. आपल्या मिठातलं जे आहे त्यात चौऱ्याहत्तर न्यूट्रॉन, दोन्ही मिळून एकशे सत्तावीस. तुझ्या गोळीतल्यात न्यूट्रॉन चार जास्त, म्हणून एकशे एकतीस. गळ्यातल्या ग्रंथीला हा फरक कळत नाही. ती प्रोटॉन ओळखते, न्यूट्रॉन मोजत बसत नाही. आयोडीन आलं म्हणून ती आत घेते, आणि हे आत जाऊन फुटतं नि तिला जाळतं.

"म्हनजे वळखीचा समजून घरात घेतला," आई म्हणाली.

"हाव. तसंच."

"अन् मंग त्याचं काय होते? तो तिथंच राहते?"

"नाही. त्याच्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होते. त्रेपन्नचे चोपन्न झाले, का ते आयोडीन राहतच नाही. झेनॉन होते. वायू. तो निघून जाते. आठ आठ दिवसांनी निम्मं निम्मं होत ते सपते. अन् तसंही अर्ध्याच्या वर लघवीतूनच जाते, पयल्या काही दिवसांत."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, "तं मंग माह्यं सपलं असन आता."

डिसेंबर निम्मा होऊन गेला होता. मी म्हटलं, हो, संपल्यात जमा आहे.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा मोठ्या बाबांसमोर उभी राहिले. या वेळी हिशेब करून गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वर्गात ऐकायचे तसं, डोळे मिटून. मग म्हणाले, "बरोबर हाये. आता मले सांग, अर्ध्याचं अर्धं केलं, त्याचं अर्धं केलं, असं करत गेलं तं शून्य कवा होते?"

मी मनात भागत गेले.

"सांग ना. होते काय शून्य?"

"नाही होत."

"मंग?" ते म्हणाले. "नाही होत शून्य. कधीच होत नाही. लेकराची जबाबदारी तू घेते काय?"

मी सोळा वर्षांची होते आणि मला उत्तर आलं नाही. आज येतं. आज मी वर्गात दरवर्षी ते उत्तर देते, आणि मुलांना कळत नाही की मॅडम एवढ्या तावातावानं काय सांगताहेत. अणू म्हणजे काही कागदावरची रेघ नव्हे, की अर्धी करत बसा जन्मभर. ते मोजके असतात, एकेक करून फुटतात, आणि शेवटचाही फुटतो. आणि त्याच्या कितीतरी आधीच ते इतके कमी झालेले असतात की माणसाच्या अंगात मुळात असतं त्यापुढे ते काहीच नसतं. कारण माणसाच्या अंगात असतंच. पोटॅशियमचा अणुअंक एकोणीस, नेहमीचा अणुवस्तुमानांक एकोणचाळीस, पण त्यात थोडं चाळीसवालंही असतं आणि ते किरणोत्सारी असतं. ते तुरीच्या वरणातून येतं, केळ्यातून येतं, मोठ्या बाबांच्या रोजच्या जेवणातून त्यांच्या सहा फुटी देहात येत होतं आणि मरेपर्यंत त्यांच्यात होतं. शून्याचाच नियम लावायचा तर अख्खं घर वावरात न्यायला हवं होतं, आणि पहिली गाडी त्यांची.

त्यांना हे ठाऊक नव्हतं असं कुणी मला सांगू नये. लोकांनी माझ्या आईशी अडाणीपणानं वाईट वागावं, ते मी समजू शकते. वेचणाऱ्या बायांवर माझा राग नाही. पण या माणसाला अणुअंक ठाऊक होता, अर्धायुकाल ठाऊक होता, आणि त्या ज्ञानाचा उपयोग त्यानं एक खोली कापसासाठी अडवून धरायला केला. त्यासाठी तीन वर्षांच्या पोरीची आई लांब ठेवावी लागत होती, तर ठेवली.

जानेवारीत बाबा आईला तपासणीला नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि बाई अजून वावरात राहते हे ऐकून ते बाबांवर ओरडले. हे बाबांनीच घरी येऊन सांगितलं, पडल्या आवाजात, जणू त्यांचीच चूक. मोठे बाबा म्हणाले, "डॉक्टरचं काय जाते? त्याच्या घरी हाये काय लेकरू?" आई एसटीतून फाट्यावर उतरून परस्पर वावरात गेली होती. तिला कुणी घरी ये म्हटलं नव्हतं.

इकडे गावात मोठ्या बाबांना नवं महत्त्व आलं होतं. पारावर, चहाच्या टपरीवर, शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांना लोक विचारायचे आणि ते समजावून सांगायचे. किरणं म्हणजे काय, ती कशी दिसत नाहीत, भिंतीतून कशी जातात, आणि शेवटी ते शून्य न होण्याचं. लोकांना ते फार आवडायचं. भीतीच्या गोष्टी आवडतातच. आईनं काढलेलं पाणी बैलांनाही कुणी पाजेना. फाट्यावर ती उभी असली तर लोक लांब सरकून उभे राहत.

शिमग्याच्या आधी भाव जरासा चढला आणि व्यापारी गावोगाव यायला लागले. आमच्या अंगणात एका सकाळी मेटाडोर लागला. व्यापारी, त्याचा काटा आणि पाच-सहा हमाल. ओसरीतला कापूस भराभर मोजून झाला. हमालांचा म्होरक्या खोलीच्या दाराशी आला आणि थांबला. मी अंगणात चुलीशी भाकरी करत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"मास्तर, हा त्या बाईनं वेचलेला ना?"

"मंग?"

"मंग आमी नाही हात लावत. पायानं तुडवा लागते, अंगाले लागते, नाकातोंडात जाते. आमालेबी लेकरंबाळं हायेत."

मोठे बाबा हसले. "अरे, कापसाले काय होते?"

"तुमीच तं सांगत होते पारावर," म्होरक्या म्हणाला. "शून्य कधी होतच नाही म्हून."

व्यापाऱ्यानं खिशात हात घातले. म्हणाला, मास्तर, असं असेल तर मलाही जिनिंगवाल्याला तोंड दाखवायचं आहे, ही खोली राहू द्या. आणि मग मी जे पाहिलं ते आयुष्यात कधी विसरणार नाही. मोठ्या बाबांनी अंगणात उभं राहून पाच-सहा हमालांना समस्थानिकांचा धडा दिला. चांगला दिला. आडनाव आणि वजन, आठ दिवस, निम्म्याचं निम्मं, सगळं. या वेळी ते गणित खाली खाली जात थेट संपलं. "आता काहीच नाही तिच्यात," ते म्हणाले. "कवाचंच सपलं. दिवाळीनंतर महिना-दीड महिन्यातच सपलं होतं. मी मास्तर हाये ना, मले समजते का तुमाले?"

हमाल एकमेकांकडे बघत राहिले. मग म्होरक्या म्हणाला, "बरं. मंग त्या बाईले आना. त्याईच्या हातचं पानी पेतो, अन् कामाले लागतो."

बाबा सायकल घेऊन वावरात गेले. आई आली ती सायकलच्या मागे चालत. चार महिन्यांनी ती अंगणात पाय ठेवत होती. काळवंडली होती, हाताची बोटं बोंडांनी ओरबाडलेली, आणि मोठे बाबा समोर आहेत हे दिसताच सवयीनं पदर कपाळाखाली ओढलेला. काय चाललं आहे ते बाबांनी वाटेत सांगितलं असावं, कारण तिनं काही विचारलं नाही.

म्होरक्यानं अदबीनं विचारलं, "बाई, बरं वाटते ना आता?"

"मी काय सांगू?" आई पदराआडून म्हणाली. "मास्तरले इचारा."

"सांगतलं ना मी," मोठे बाबा हमालांना म्हणाले. "काही नाही आता. दिवाळीनंतर महिना-दीड महिन्यातच गेलं."

आईनं पदर मागे घेतला. पूर्ण नाही, डोळे दिसतील एवढा. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा ती सरळ त्यांच्याकडे बघून त्यांच्याशी बोलली.

"मंग मले वावरात काहून ठेवलं?"

 मोठी आई दारात उभी होती, ती आत झाली. मोठ्या बाबांचा चेहरा मी बघत होते. तो लाल झाला, पण लाजेनं नव्हे. भावसून तोंडावर बोलली म्हणून.  ते बाबांकडे वळले आणि म्हणाले, "तिले सांग, पानी दे म्हना यायले."

बाबांनी मान हलवली.

"देते," आई म्हणाली. "घरातलं देते."

आणि ती अंगणातल्या टाकीकडे न जाता पायऱ्या चढून घरात गेली. कुणालाही न विचारता. आत रांजणावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. ती तांब्या आणि पेला घेऊन बाहेर आली आणि एकेकाला पाणी दिलं. म्होरक्या आधी प्यायला, मग बाकीचे. व्यापाऱ्यालाही दिलं, तोही प्यायला. मोठ्या बाबांना तिनं विचारलं नाही. मग हमाल खोलीत शिरले आणि तिचा कापूस बाहेर यायला लागला. मोठे बाबा काट्याजवळ जाऊन उभे राहिले आणि वजन वाचू लागले.

आई पुन्हा आत गेली. मी चुलीवरची भाकरी तशीच टाकून तिच्या मागे गेले. स्वयंपाकघराच्या दारात धाकटी उभी होती, मोठ्या आईचं लुगडं धरून. चार महिन्यांत तिचे केस वाढले होते आणि कुणीतरी त्यांच्या दोन शेंड्या बांधल्या होत्या.  आईनं वाकून हात पुढे केले.

धाकटी एक पाऊल मागे सरली. रडली नाही, घाबरलीही नाही. मोठ्या माणसाला आपण सांगतो तसं तिनं समजावून सांगितलं, "आई, हात नको लावू. मले चटका लागन."

मोठ्या आईनं तोंड फिरवलं. आईनं हात मागे घेतले. भासऱ्याला भर अंगणात विचारणारी माझी आई त्या तीन वर्षांच्या पोरीला काही विचारू शकली नाही. ती होती तिथेच खाली बसली, दोघींमध्ये होतं तेवढं अंतर ठेवून, आणि म्हणाली, "बरं. नाही लावत. जेवली काय तू?"